एका माणसाला एकदाच

फोन आला तेव्हा सुनिता प्रथम वर्षाच्या मुलांना नोकरीचा अर्ज कसा लिहायचा ते शिकवत होती. गेवराईकडच्या त्या कॉलेजात एकोणीस वर्षं ती हेच शिकवत आली होती. तिने शिकवलेल्या अर्जावर कुणाला नोकरी लागल्याचं ऐकिवात नव्हतं, पण अभ्यासक्रमात अर्ज होता आणि अर्जाला दहा गुण होते. फोन शहादेवचा होता. गावी तिच्या चुलतीच्या घराला लागून त्याचं घर.

"अक्का, काकू गेली. पाटंच गेली, झोपंतच. रामप्रसादला कळवलंय, तो उसाच्या फडावरून निघालाय. बाया येऊन बसल्यात, पर कुनी रडं उचलंना. तुमी लवकर या."

"कुणी म्हणजे? ताराबाई आहेत ना?"

"हाय की, माझी मायच ती. तीच म्हनती, सुनीला बोलवा, तिच्याबिगर न्हाई जमायचं."

सुनिताने फळ्यावर अर्धवट राहिलेलं 'आपली विश्वासू' पूर्ण केलं, खडू ठेवला, मुलांना सोडून दिलं. प्राचार्यांच्या केबिनबाहेर अर्ज ठेवला. तोही अगदी नमुन्याबरहुकूम झाला. मग गाडी काढली आणि धूळ येते म्हणून काचा वर घेतल्या.

चुलतीचं नाव छबुबाई, रामप्रसाद तिचा लेक. पंचक्रोशीत मयत झाली की घरचे आधी तिला बोलवायचे आणि मग पाहुण्यांना. कारण तिच्यासारखं रडं उचलणारी बाई चौसाळ्यापासून पाटोद्यापर्यंत दुसरी नव्हती. रडं उचलायचं म्हणजे नुसता टाहो फोडायचा नाही. मेलेल्याला नावाने हाक मारायची, त्याला प्रश्न विचारायचे, असं मधेच उठून गेलास म्हणून त्याला बोल लावायचे, आणि हे सगळं हेल काढून, शब्दात शब्द गुंफून. एक बाई उचलते, ओळ संपली की थांबते, तेवढ्या जागेत बाकीच्या झेलतात. पुन्हा ती उचलते. लांबून कुणी लेकबाळ येणार असेल तर तिने वेशीपासून रडत यायचं, म्हणजे घरातल्यांना आधी तिचा आवाज कळतो आणि मग ती दिसते. या सगळ्याला नियम दोनच. जित्या माणसाचं रडायचं नाही. आणि एका माणसाचं एकदाच रडायचं. ते शब्द त्याच्याबरोबर गेले, पुन्हा कुणासाठी काढायचे नाहीत.

आई गेली तेव्हा सुनिता नऊ वर्षांची होती. आईबाप ऊस तोडायला सांगलीकडे गेलेले आणि ही छबुबाईजवळ राहिलेली. एका सकाळी ट्रक दारात उभा राहिला आणि आईला गोधडीत गुंडाळून खाली उतरवलं. सुनिता ओसरीवर बसून शेंगा खात होती. मोठी माणसं काय काय बोलत होती, तिला त्यातलं काही कळत नव्हतं. मग छबुबाईने रडं उचललं. "उठ गं, लेकीची येनी अर्धी घातलीस गं, आता पुरी कोन घालील गं." सुनिताचा हात आपोआप वेणीकडे गेला आणि तिला कळलं की आई मेली. जे सांगून कळलं नव्हतं ते रडण्याने कळलं. पुढे आयुष्यभर तिने जे काही लिहिलं ते या एका गोष्टीबद्दल लिहिलं, फक्त तसं कुठे म्हटलं नाही.

एम.ए.ला एका सरांनी ग्रीक नाटकांवर चार तास घेतले. अडीच हजार वर्षांपूर्वीची नाटकं. त्यांत माणसं मरतात आणि बायकांचा घोळका उभा राहून रडतो: एक उचलते, बाकीच्या झेलतात. सर म्हणाले, हे आपल्याला समजणं अवघड आहे, आपल्याकडे असं काही नाही. मागच्या बाकावरून सुनिता म्हणाली, "सर, आमच्या काकू करतात." वर्ग हसला. सर हसले नाहीत, त्यांनी तिला तासानंतर थांबवून घेतलं.

पुढचं सगळं त्या एका वाक्यातून निघालं. पुण्याला एका म्हाताऱ्या पाद्र्याकडे ती ग्रीक शिकली. दोन वर्षं रोज सकाळी सहाला जायची, कारण आठनंतर तिच्याकडे शिकवणीला मुलं यायची. शिष्यवृत्ती मिळाली, परदेशी गेली. तिथल्या मार्गदर्शक बाई पांढऱ्या केसांच्या, प्रेमळ आणि कामाला कडक. त्या म्हणाल्या, तुझा विषय चांगला आहे, पण नाटकं फक्त पुस्तकात उरली आहेत. तुझ्याकडे जिवंत रडणं आहे म्हणतेस, मग ते आण. आणलंस तर प्रबंध, नाहीतर निबंध.

तेव्हा सुनिता सत्तावीस वर्षांची होती. कॅसेटचा रेकॉर्डर घेऊन ती गावी आली आणि पंधरा दिवस थांबली. त्या पंधरा दिवसांत गावात कुणी मेलं नाही. रोज सकाळी उठून आपण कुणाच्या मरणाची वाट पाहतोय हे तिला कळत होतं. लाजही वाटत होती. पण परतीचं तिकीट काढलेलं होतं.

"काकू, तू नुसतं करून दाखव ना," शेवटी ती म्हणाली.

"मेल्याबिगर रडू न्हाई बाई."

"आधी जे गेलेत त्यांच्यातलं कुणाचं तरी."

"त्यांचं झालंय. एका मानसाला एकदाच आस्तंय."

"मग नाव कुणाचंही घे. खोटं नाव घे."

"खोट्या नावाचं रडं येतंय व्हय? आन जित्याचं घेतलं तर त्याचं वाईट चितल्यागत. कावून असा हट करतीस गं सुने?"

"माझं शिक्षण अडलंय, काकू. माझं सगळं यावर अडलंय."

हे खोटं नव्हतं. पण सुनिताला ठाऊक होतं की शिक्षणाचं नाव घेतलं की छबुबाईचं काही चालत नाही. अंगठा उठवणाऱ्या बाईपुढे तो हुकमाचा पत्ता होता आणि तिने तो टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी छबुबाई ठेवणीतलं लुगडं नेसून तयार. "चल. घरात नगं, गावात बी नगं. माळावर जाऊ." दोघी माळावरच्या बोरीखाली बसल्या. कुणाचं नाव घेणार, सुनिताने विचारलं.

"माझंच घेते. माझं मी वाईट चितलं तर कुनाचं काय जातंय?"

त्या वेळी तिला थांबवता आलं असतं. नको काकू, राहू दे, असे चारच शब्द लागले असते. सुनिताने रेकॉर्डरचं बटण दाबलं.

छबुबाई अकरा मिनिटं स्वतःसाठी रडली. चूल पेटती ठेवून कुठं निघालीस गं छबे. तुझी पाटी आता कोन उचलील गं. प्रत्येक ओळीनंतर ती सवयीने थांबायची, झेलायला बायका असल्यासारखी, आणि त्या जागेत फक्त माळावरचा वारा वाजायचा. शेवटाकडे ती म्हणाली, लेक फडावर गं, सून फडावर गं, माझी सुनी येईल गं, वेशीपासून येईल गं, आवाज आधी येईल गं, मंग ती येईल गं.

त्या अकरा मिनिटांवर सुनिताचा प्रबंध उभा राहिला. चौथं प्रकरण त्या मोकळ्या जागांवर होतं. रडणारी एकटी असली तरी घोळक्याची जागा सोडतेच, असं तिने नाटकांच्या ओळी आणि छबुबाईच्या ओळी शेजारी शेजारी मांडून दाखवलं. मार्गदर्शक बाईंनी एकच सूचना केली: संशोधकाने मजकुरात डोकावू नये. म्हणून एक्केचाळिसावी तळटीप अशी झाली: 'सुनी: गाणारीची एक नातेवाईक स्त्री.' ही टीप लिहिताना सुनिताला काहीही वाटलं नव्हतं. उलट आपल्याला शिस्त जमली म्हणून बरंच वाटलं होतं.

एका परिषदेत तिने ती कॅसेट वाजवली. दोनशे माणसं गप्प झाली, काही जणांनी डोळे पुसले, नंतर पाच मिनिटं टाळ्या. तिची कारकीर्द म्हणायची तर ती एवढीच, पाच मिनिटं. पुस्तक निघालं, तीनशे प्रती. त्यातली एक तिने छबुबाईला दिली. छबुबाईने ती देवांजवळ ठेवून तिला हळदकुंकू वाहिलं. उघडून पाहायचा प्रश्नच नव्हता, आणि जगात ते उघडून पाहणारे तरी असे किती होते म्हणा. सुनिता परत आली तेव्हा ग्रीक शिकवायची जागा कुठेच नव्हती. मुलाखतीला एका संस्थाचालकांनी विचारलं, "ग्रीक वगैरे ठीक आहे मॅडम, पण आमच्याकडे स्नेहसंमेलनाचं बघाल ना?" तिने हो म्हटलं आणि एकोणीस वर्षं बघितलं. पहिली काही वर्षं रोज रात्री ग्रीकची दहा पानं वाचायची. मग पाच. मग परीक्षाविभाग तिच्याकडे आला. गेल्या वर्षी एक ओळ आठवायला गेली तर क्रियापद आठवेना. ते तिने शोधलंही नाही.

आणि गावात काय झालं होतं ते तिला फार उशिरा कळलं. जितेपणी स्वतःचं रडून घेतलेली बाई दुसऱ्याच्या मयताला नको, असं बायकांना वाटू लागलं. तोंडावर कुणी बोललं नाही, बोलावणी कमी झाली एवढंच. छबुबाईने तिला हे कधी सांगितलं नाही. गेल्या दिवाळीला मात्र शेंगा फोडता फोडता म्हणाली, "माझं झालेलं हाय, म्हून बाया भेतील. पर तू भिऊ नगंस सुने. तुझ्यासाठी केलतं, तू उचललेलं चालतंय. न्हाईतर मी मुक्यानं जाईन."

"अजून वीस वर्षं आहेत त्याला," सुनिता म्हणाली आणि तिने विषय बदलला.

चौसाळ्याहून ती आत वळली तेव्हा साडेबारा झाले होते. जानेवारीचं गाव, म्हणजे अर्ध्या घरांना कुलपं. कोयता घेऊन माणसं फडावर गेलेली. तिचा फोन वाजला, कॉलेजचा क्लार्क. उद्याच्या तिच्या सुपरव्हिजनला कुणाला लावायचं? ती कानाला फोन लावून बोलत राहिली, जाधव सरांना विचारा, नाहीतर परवाचं माझं त्यांना द्या, आणि बोलता बोलता गाडी थेट दारासमोर जाऊन थांबली.

उतरल्यावर तिच्या लक्षात आलं की वेस मागे राहिली.

छबुबाईला भिंतीला टेकवून बसवलं होतं. कपाळ रिकामं, डोक्यावरून पदर. सभोवती दहा-अकरा बायका, सगळ्या म्हाताऱ्या, कारण हिंडत्याफिरत्या बायका गावात उरल्याच नव्हत्या. ताराबाईने मान वर केली.

"आलीस का? तुझा आवाज न्हाई आला ते."

सुनिता चपला काढून आत आली, छबुबाईच्या पायांशी बसली. बायका सरकल्या, तिला जागा दिली आणि माना खाली घालून थांबल्या. त्या कशासाठी थांबल्यात हे जगात तिच्याइतकं पद्धतशीर कुणालाच माहीत नव्हतं. आधी हाक. मग प्रश्न. मग बोल. तिने तोंड उघडलं.

"काकू गं," ती म्हणाली.

चहा झाला का विचारावं तसा तो आवाज निघाला. तिला स्वतःला ऐकू आला. तिने पुन्हा श्वास घेतला. काय विचारावं? चुलीचं विचारावं तर ते छबुबाईने स्वतःच विचारलं होतं. पाटीचं विचारलं होतं. जे जे आठवत होतं ते सगळं त्या अकरा मिनिटांतलं होतं, ओळींना क्रमांक घातलेलं. बावीस वर्षं तिने हे रडणं इतकं वापरलं होतं की तिच्याजवळ वेगळं काही शिल्लक नव्हतं. मेली मेली, माझी काकू मेली, असं ती मनात म्हणत राहिली आणि ते तिला खरं वाटेना. ते खरं वाटायला कुणीतरी रडं उचलायला हवं होतं, आणि उचलणारी समोर भिंतीला टेकून बसली होती.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. सावित्रीबाई म्हणून एक म्हातारी होती, तिने हळूच सुनिताच्या पाठीवरून हात फिरवला. "ऱ्हाऊ दे बाई. शिकल्याल्या मानसाला लाज वाटती."

लाज वाटत नव्हती. तेच तर होतं. लाज वाटली असती तरी काही वाटल्यासारखं झालं असतं.

दोनच्या सुमाराला पिकअप आली. रामप्रसाद आणि त्याची बायको मनिषा उतरले, अंगावर उसाची कुसळं तशीच. रामप्रसाद आईच्या पायांवर डोकं ठेवून गदगदला आणि मग बाहेर पुरुषांत जाऊन बसला. मनिषाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण शब्द येत नव्हते. तिच्या वयाच्या बायकांना हे कुणी शिकवलंच नव्हतं. बाहेर तिरडी बांधून झाली. कुणीतरी ओरडलं, उन्हं उतरायच्या आत उरका.

"अशी मुक्यानं कशी न्यायची?" ताराबाई म्हणाली. "साऱ्या मुलखाचं रडली ही बाई." मग ती सुनिताकडे वळली. "ते तुझ्याजवळ हाय का गं? माळावरचं?"

सुनिताजवळ होतं. गेल्याच वर्षी बीडला एका दुकानात तिने कॅसेट मोबाईलवर घेतली होती. ती म्हणाली, "ताराकाकू, ते कसं लावायचं? एकदाच असतं म्हणता ना?"

"मंग? दुसरं कुठं हाय? ह्ये तेच हाय की. तवा मानूस न्हवतं मेलेलं, आता मेलंय. लाव."

मनिषाने मोबाईल घेतला आणि छबुबाईच्या शेजारी एक घमेलं पालथं घालून त्यावर ठेवला. सुनिताने रेकॉर्डिंग सुरू करून दिलं आणि मागे दाराशी जाऊन उभी राहिली. आधी वारा वाजला. मग छबुबाई रडू लागली.

बायका दचकल्या. एकीने पदर तोंडात धरला. पहिली ओळ संपली, मोकळी जागा आली आणि तशीच गेली. दुसरी ओळ. तुझी पाटी आता कोन उचलील गं. जागा आली आणि ताराबाईने ती झेलली, "कोन उचलील गं छबे!" तिसऱ्या ओळीला सावित्रीबाई आणि आणखी दोघी. चौथीला सगळ्या. आवाज म्हातारे, फाटलेले, पण बरोबर जागेवर पडत होते. एकही ओळ चुकली नाही. मनिषाच्या तोंडून शब्द फुटले. बाहेरचे पुरुष उठून उभे राहिले. चौथ्या प्रकरणात सुनिताने लिहिलेलं अक्षर न् अक्षर खरं होतं. ज्या जागा बावीस वर्षं रिकाम्या पडल्या होत्या त्या तिच्या डोळ्यांदेखत भरत होत्या, आणि त्यात ती नव्हती.

"माझी सुनी येईल गं, वेशीपासून येईल गं, आवाज आधी येईल गं..."

एकही बाई तिच्याकडे वळून बघेना. बघितलं असतं तर बरं झालं असतं. आणि तेव्हा सुनिताच्या छातीत काहीतरी सुटलं. नऊ वर्षांची असताना सुटलं होतं तसंच. हात वेणीकडे गेला; तिथे आता वेणी नव्हती, बॉबकट होता. ती रडणार होती. आता खरंच रडणार होती. तेवढ्यात मोबाईलमध्ये कुत्रं भुंकलं.

तिला आठवलं. परिषदेत, वर्गात, सगळीकडे ती हे अकराव्या मिनिटाला बंद करायची. पुढे काय आहे हे तिने बावीस वर्षांत पुन्हा ऐकलं नव्हतं. पण काय आहे ते तिला माहीत होतं.

ती पुढे धावली. बायकांना वाटलं, सुनीला अखेर रडू आलं. ताराबाईने तिला ओढून गळ्याशी धरलं, सावित्रीबाईने मागून मिठी घातली, दोघी-तिघींनी तिचे हात धरले. "रड बाई, रड, मोकळी हो." मोबाईल चार हातांवर होता. तिला हात सोडवता येईना.

"वा काकू! फारच छान झालं," सत्तावीस वर्षांची सुनिता खुशीत म्हणाली. "अजून एकदा करशील? मधे कुत्रं भुंकलं."



"न्हाई गं सुने," छबुबाई म्हणाली. तिला धाप लागली होती. "एका मानसाला एकदाच." मग जरा थांबून, काळजीने, "पर एवढ्यात तुझं काम भागंल ना?"

"भागेल," ती मुलगी म्हणाली आणि बटणाचा आवाज झाला.

सुनिताभोवतीचे हात एकेक करून सुटले.  मनिषाने मोबाईल उचलला, पदराने पुसला आणि तिच्याकडे न बघता तिच्या हातात दिला. रामप्रसाद आत आला, पुरुष आत आले. छबुबाईला बाहेर नेलं. वेशीपर्यंत बायका मागे गेल्या, सगळ्या गप्प. सुनिता त्यांच्या मागे दहा पावलं चालत होती आणि तिच्यासाठी कुणी थांबलं नाही.